मुलाची प्रगती पालकांना सांगताना या चुका टाळा

अंगणवाडी असो की पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठीचा ‘पहिले पाऊल’चा शाळापूर्व तयारी मेळावा, दरवर्षी त्याच त्या चुका होतात आणि भोगतात मुलं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे चारचौघांत निकाल सांगणं. निफाड तालुक्यातल्या एका मेळाव्यात बौद्धिक विकासाच्या टेबलासमोर साडेपाच वर्षांची पोर गप्प उभी होती. पुढ्यात लहान-मोठ्या आकारांची कार्डं. टेबलावरच्या ताईंनी जरा वेळ वाट पाहिली, विकासपत्रावर, म्हणजे मुलाला काय येतं ते नोंदवायच्या पत्रकावर, खूण केली आणि आईला मोठ्यानं म्हणाल्या, “हिला काहीच येत नाही. घरी काही घेत नाही वाटतं?” रांगेतल्या बायका बघायला लागल्या. आई लेकीचा हात धरून निघून गेली, ती जूनच्या दुसऱ्या मेळाव्याला फिरकलीच नाही. मी त्यांच्या घरी गेले, तर पोर आजीबरोबर कांदा निवडत बसलेली. मोठा एकीकडे, लहान गोल्टी वेगळी, अगदी बारीक चिंगळी वेगळी, आणि हात भराभर चाललेला. वर्गीकरण म्हणतात ते हेच की! “घरी काय काय करते ही?” एवढं आईला आधी विचारलं असतं, तर खूण वेगळी पडली असती.

म्हणून विकासपत्र उघडण्याआधी मी आई-आजीला बोलू देते आणि त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवते. मग मुलाला काय जमतं ते सांगायचं, त्यानंतर काय अडतं ते, आणि घरी करायला एकच गोष्ट द्यायची. पाच दिल्या की एकही होत नाही. नव्या सेविका म्हणतात, एवढा वेळ कुठे आहे? एका घराला दहा मिनिटं लागतात. ती काढायलाच हवीत.

महिनाभर नोंद नाही आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांना सरसकट सारख्या खुणा, ही पालकांची शुद्ध फसवणूक आहे. त्यापेक्षा रकाना कोरा ठेवा.

शेजारच्या मुलाशी तुलना कधीच नको.

घरी अहिराणी किंवा भिल्ली बोलणाऱ्या मुलाला आधी त्याच्या बोलीत विचारा.

कांदा काढणीच्या दिवसांत सकाळी अकराला बैठक ठेवायची आणि “पालकांना आस्थाच नाही” म्हणायचं, हे बंद करा. संध्याकाळी जा, वडीलही भेटतील.

मूल बोलत नसेल तर “मोठं झालं की बोलेल” म्हणून टाळू नका, आणि स्वतःच आजाराचं नावही ठेवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. तारीख कळली की आईला सांगून ठेवा आणि तपासणीला तिला समोर बसवा. कान वाहतो का, हाकेला वळतं का, हे डॉक्टरांना तीच नीट सांगू शकते.