शिकलं, पॉइंटही मिळाले, पण ओपीडी तीच: नेत्रतज्ज्ञांनो, सीएमईतल्या या चुका टाळा

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करायचं आणि त्यासाठी सीएमई म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांतून ३० क्रेडिट पॉइंट जमवायचे, हा नियम आपल्या सगळ्यांना पाठ आहे. हिशेब केला तर वर्षाला सहा पॉइंट होतात. हे फार मोठं ओझं नाही. पण पॉइंट मोजतात ती हजेरी. शिकणं मोजायचं असेल तर दुसरा प्रश्न विचारावा लागतो: त्या व्याख्यानानंतर माझ्या हातून लिहिलं जाणारं एखादं प्रिस्क्रिप्शन, केली जाणारी एखादी तपासणी किंवा रुग्णाला सांगितली जाणारी एखादी तारीख बदलली का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असं येतं, आणि त्याची कारणं ठरावीक आहेत.

पाचव्या वर्षाची धावपळ

ही सगळ्यात सामान्य चूक, आणि सुधारायला सगळ्यात सोपी. मुदत संपत आली की मिळेल त्या सभागृहात जाऊन बसायचं, मग विषय लेसर दृष्टिदोष शस्त्रक्रियेचा असो, आपल्याकडे ते यंत्र असो वा नसो. वर्षाच्या सुरुवातीलाच मागच्या वर्षी आपण दुसरीकडे पाठवलेले रुग्ण आठवून पाहा. का पाठवले? कुठे अडलं? त्यातले दोन विषय निवडा आणि त्या वर्षीचे पॉइंट त्याच विषयांवर खर्च करा. कार्यक्रमाला कौन्सिलची मान्यता आहे का हे आधी विचारा, हजेरी नीट नोंदवा आणि प्रमाणपत्र त्याच दिवशी जपून ठेवा. याबद्दल एवढंच.

निष्कर्ष लिहून घ्यायचा, रुग्ण कोण होते ते विचारायचंच नाही

खरं नुकसान इथे होतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पडद्याचा आजार, म्हणजे आपण आरओपी म्हणतो तो, घ्या. अमेरिकेतल्या शिफारशीनुसार ३० आठवडे किंवा त्याआधी जन्मलेली, अथवा १५०० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाची बाळं सरसकट तपासायची. भारतात हीच सीमा ३४ आठवडे किंवा २००० ग्रॅमपर्यंत नेलेली आहे. ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळांनाही ऑक्सिजन, जंतुसंसर्ग असे धोके असतील तर तपासायचं असतं. आपल्याकडे मोठी, वजनदार बाळंही या आजाराने अंध झालेली दिसली, म्हणून ही सीमा वाढवावी लागली. परदेशी वक्त्याची सुंदर स्लाइड पाहून कोणी १५०० ग्रॅमचा आकडा डोक्यात घेऊन आला आणि तोच गावातल्या एनआयसीयूला (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला) सांगितला, तर १७०० ग्रॅमचं बाळ तपासणीविना घरी जाईल. स्लाइड चुकीची नव्हती, पण ती दुसऱ्या बाळांबद्दल होती. पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत, आणि २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा लहान बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच, हे वाक्य एनआयसीयूच्या भिंतीवर मराठीत लावलेलं असावं असं मला मनापासून वाटतं.

मुलांच्या वाढत्या मायनस नंबरासाठी ॲट्रोपिनचे सौम्य थेंब देतानाही हेच घडतं. सिंगापूरच्या अभ्यासानंतर ०.०१ टक्के हा आकडा सगळीकडे पसरला. मग हाँगकाँगच्या ‘लॅम्प’ अभ्यासात ०.०५ टक्क्यांचा परिणाम जास्त चांगला दिसला. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मुलांवरच्या चाचणीत ०.०१ टक्के थेंब आणि औषध नसलेले थेंब यांत फरक आढळला नाही, तर भारतातल्या बहुकेंद्री चाचणीत त्याच ०.०१ टक्क्यांनी एका वर्षात नंबर वाढण्याचा वेग कमी केला होता. यातला एकच अभ्यास ऐकून आलेले दोन डॉक्टर एकाच मुलाला अगदी उलट सल्ला देतील, आणि दोघंही ‘पुरावा आहे’ म्हणतील. मुलं कुठली, किती वर्षांची, सुरुवातीचा वेग किती आणि किती काळ पाहिलं, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय आकडा वहीत उतरवू नका.

तिसरं उदाहरण माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. मधुमेहाने पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या आल्या की पूर्वी आपण लेसर करायचो. २०१५ मध्ये ‘प्रोटोकॉल एस’ अभ्यासाने दाखवलं की डोळ्यातली इंजेक्शनं दोन वर्षांपर्यंत लेसरइतकीच चांगली दृष्टी टिकवतात. परिषदांमध्ये लगेच लेसरला निरोप देण्याची भाषा सुरू झाली. पण त्या अभ्यासातले रुग्ण ठरलेल्या तारखांना येत होते. पुढे प्रत्यक्ष व्यवहारातले रुग्ण पाहिले गेले तेव्हा कळलं, की मध्येच सहा महिन्यांहून जास्त काळ येणं थांबलेल्यांत फक्त इंजेक्शनं घेतलेल्या डोळ्यांची अवस्था लेसर झालेल्या डोळ्यांपेक्षा वाईट होती, पडदा ओढला जाऊन सुटण्याचं प्रमाणही जास्त होतं.

आता बीड जिल्ह्यातला मधुमेही ऊसतोड कामगार डोळ्यांसमोर आणा. दसरा-दिवाळीनंतर टोळी निघते ती पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, आणि हंगाम संपेपर्यंत परत येत नाही. पाच-सहा महिने. त्याला ‘दर महिन्याला या’ असं सांगून फक्त इंजेक्शनांवर ठेवणं म्हणजे तो नेमका कोणत्या गटात जाणार हे माहीत असूनही त्याला तिकडे ढकलणं आहे. त्याला लेसर द्यावं, आणि ते टोळी निघण्याआधी पूर्ण करावं. इथे लेसर मागासलेला उपचार ठरत नाही. मग जरूर तर इंजेक्शन जोडावं.

नवं आलं म्हणून चांगलंच असणार

ब्रोल्युसिझुमॅब या पडद्याच्या आजारासाठी डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनाला अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मान्यता मिळाली. इंजेक्शनांमधलं अंतर वाढेल, रुग्णाच्या फेऱ्या कमी होतील, हे आश्वासन खरोखर मोलाचं होतं. पण फेब्रुवारी २०२० मध्येच तिथल्या रेटिना तज्ज्ञांच्या संघटनेने पडद्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येत असल्याचा इशारा दिला. मूळ चाचण्यांची माहिती सुरक्षा समितीने पुन्हा तपासली तेव्हा ४.६ टक्के डोळ्यांत दाह आणि ३.३ टक्के डोळ्यांत रक्तवाहिन्यांचा दाह आढळला. म्हणून नवं औषध ऐकून आलात की पहिल्या वर्षभरात त्याच्याबद्दलच्या इशाऱ्यांवर नजर ठेवा, आणि आधीच एक डोळा गमावलेल्या रुग्णाच्या उरलेल्या डोळ्यापासून सुरुवात करू नका.

नवं विरुद्ध जुनं याचा धडा आपल्याच देशाने जगाला दिला आहे. शेतात काम करताना बुबुळाला पात, धस्कट, कुसळ लागून होणारा बुरशीचा अल्सर आपल्याला रोजचा. व्होरिकोनॅझोल हे बुरशीवरचं नवं औषध आलं तेव्हा जुनं नॅटामायसिन मागे पडणार असं वाटत होतं. मुख्यतः अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मट’ चाचणीत ३२३ रुग्णांमध्ये या दोन थेंबांची तुलना झाली. नॅटामायसिन दिलेल्यांची दृष्टी चांगली राहिली आणि बुबुळाला भोक पडण्याचं प्रमाण कमी राहिलं. फ्युजेरियम बुरशीत तर फरक तक्त्यावरच्या सुमारे चार ओळींचा होता. तरीही महागडं नवं औषध आधी लिहिलं जातं, कारण त्यावर व्याख्यानं जास्त होतात. नॅटामायसिनवर कोण कशाला परिषद भरवेल!

वक्त्याच्या पहिल्या स्लाइडवर हितसंबंधांची नोंद असते ती वाचत जा. औषध कंपन्यांनी डॉक्टरांचा प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च करण्यावर औषध विपणनाच्या २०२४ च्या समान संहितेने बंधन घातलं, वक्त्यांचा अपवाद ठेवून. हे योग्यच झालं. पण सभागृहात कोणत्या विषयाला किती वेळ मिळतो हे अजूनही पैशावर ठरतं, त्याचं भान आपणच ठेवायला हवं.

जुना आकडा पुसायचा राहून जातो

नवी गोष्ट शिकताना जुनी तशीच डोक्यात राहते. संधिवातावर दिलं जाणारं, पण डोस जास्त झाला तर पडद्याला इजा करू शकणारं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे याचं ठळक उदाहरण. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीच्या २०१६ च्या शिफारशीनुसार दिवसाचा डोस प्रत्यक्ष वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. पहिल्या वर्षात एकदा पडद्याची तपासणी आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर त्याआधीच. ‘आदर्श वजनाच्या किलोमागे ६.५’ हा जुना आकडा अजूनही ऐकू येतो. आपल्याकडे संधिवाताची ५० किलोची बाई रोज ४०० मिलिग्रॅम घेत असते. गणित करा: किलोमागे ८ मिलिग्रॅम झाले. शिवाय भारतात हे औषध मधुमेहासाठीही दिलं जातं, म्हणजे ‘संधिवात आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाची गोळ्यांची पिशवी उघडून पाहावी लागते. आणि आशियाई वंशाच्या रुग्णांत दोष मध्यभागापासून थोडा दूर सुरू होऊ शकतो, म्हणून केवळ १०-२ फील्डवर (मध्यभागाच्या दृष्टिक्षेत्राच्या तपासणीवर) न थांबता त्याहून रुंद २४-२ किंवा ३०-२ ही करावी. ओसीटीचा (पडद्याचे थर दाखवणारा) स्कॅनही त्याच कारणाने रुंद घ्यावा.

ऑप्टिक न्यूरायटिसमध्ये, म्हणजे डोळ्याच्या मज्जातंतूच्या दाहात, १९९२ च्या अमेरिकी चाचणीने दाखवलं होतं की किलोमागे १ मिलिग्रॅम प्रेडनिसोनच्या नुसत्या गोळ्या दिल्या तर आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. एवढी दशकं उलटूनही ‘आधी गोळ्या देऊन बघू’ हे होतंच. शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन देण्याची सोय नसेल तर त्याच दिवशी पुढे पाठवावं. आता तर एक्वापोरिन आणि मॉग या प्रतिपिंडांची तपासणीही सोबत विचारात घ्यावी लागते, कारण ही प्रतिपिंडं आढळणाऱ्या आजारांत पुढचा उपचार वेगळा आणि लांबचा असतो.

यावर एक साधा उपाय: प्रत्येक सीएमईच्या नोंदीत दोन ओळी लिहा. आजपासून काय सुरू, आणि आजपासून काय बंद. दुसरी ओळ कोरी राहिली तर व्याख्यानाची पुन्हा उजळणी करा.

व्हिडिओ पाहिला, दुसऱ्या दिवशी टेबलावर

शस्त्रक्रियेचा व्हिडिओ कापून-जोडून सात मिनिटांचा केलेला असतो. अडखळलेला भाग त्यात नसतो. नवं तंत्र आधी वेट लॅबमध्ये, म्हणजे सरावाच्या प्रयोगशाळेत, बोकडाच्या डोळ्यावर करा, त्याची ऊती माणसाच्या डोळ्यासारखी वागत नाही हे लक्षात ठेवून. मग जाणकार सहकारी शेजारी असताना एक-एक टप्पा करा. निवासी डॉक्टर फेको (मोतीबिंदूची शस्त्रक्रिया) शिकताना शेवटचे सोपे टप्पे आधी करतात, तीच शिस्त वीस-तीस वर्षांच्या अनुभवानंतरही लागू आहे. आणि परिषदेत गुंतागुंतींचं सत्र कुठल्या सभागृहात आहे ते आधी शोधा. तिथे गर्दी कमी असते, शिकायला मात्र सर्वांत जास्त मिळतं.

सगळं एकट्या डॉक्टरनेच शिकायचं

आरओपीची सीमा तुम्हाला कळली, पण बालरोगतज्ज्ञाला आणि एनआयसीयूच्या सिस्टरांना कळली नाही, तर बाळ तुमच्यापर्यंत येणारच नाही. इंजेक्शनाची तारीख चुकलेल्या रुग्णाला फोन करायचा हे रिसेप्शनवरच्या मुलीला कोणी सांगितलंय? ऑप्टोमेट्रिस्टला गोळ्यांची यादी विचारायची सवय लावली आहे का? सीएमईहून आल्यावर आठवड्याच्या आत अर्धा तास सगळ्यांना बसवून फक्त त्यांच्या कामाशी संबंधित एक गोष्ट सांगा.

अडलं तर

‘तालुक्याच्या गावी एकटाच आहे, कोणाशी बोलू?’ पंचक्रोशीतले चार-पाच नेत्रतज्ज्ञ महिन्यातून एकदा ऑनलाइन भेटा. प्रत्येकाने एक अवघड रुग्ण मांडायचा, नाव-गाव काढून. इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीचे लेख मोफत वाचता येतात, त्यातला एक घ्या. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची लाट आली तेव्हा आपण असंच शिकलो: देशभरातल्या डॉक्टरांनी आपापल्या रुग्णांची माहिती एकत्र केली आणि २८२६ रुग्णांचा अहवाल त्याच वर्षी याच नियतकालिकात आला.

‘माझ्या हातात असं कधी झालं नाही, मग पद्धत का बदलू?’ याचं उत्तर आकड्यात आहे. मोतीबिंदूनंतर डोळ्यात होणारा जंतुसंसर्ग मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक डोळ्याच्या आत दिल्याने ०.०७ वरून ०.०२ टक्क्यांवर आला, हे अरविंदच्या सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांतून २०१७ मध्ये दिसलं. वर्षाला ५०० शस्त्रक्रिया करणाऱ्याला ०.०७ टक्के म्हणजे साधारण तीन वर्षांत एक रुग्ण. हा फरक एकट्याच्या वहीत दिसूच शकत नाही. अशा दुर्मीळ गोष्टींसाठी दुसऱ्यांच्या मोठ्या आकड्यांवर विश्वास ठेवायला हवा.

स्वतःच्या वहीत दिसतात त्या गोष्टी वेगळ्या, आणि त्या मात्र नोंदवायलाच हव्यात. शस्त्रक्रियेत लेन्सची मागची कॅप्सूल (पिशवी) किती वेळा फाटली? ठरवलेला नंबर आणि महिन्यानंतर प्रत्यक्ष निघालेला नंबर यांत किती फरक? सलग तीस-चाळीस डोळ्यांत हा फरक एकाच दिशेला जात असेल, तर आधी डोळ्याची लांबी मोजण्याची पद्धत तपासा. प्रोबचा दाब बुबुळावर पडत असेल तर डोळा आखूड मोजला जातो आणि लेन्सची पॉवर जास्त निघते. ते ठीक असेल तर त्या लेन्सचा कॉन्स्टंट (पॉवरच्या गणितातला ठरावीक आकडा) आपल्या आकड्यांवरून दुरुस्त करून यंत्रात भरा, आणि पुढच्या तीस डोळ्यांची नोंद नव्या पानावर सुरू करा.