दिवसभर गाडीवर फिरणाऱ्यांनी कंबर कशी सांभाळायची

मी गावोगाव फिरून गाई-म्हशींचं कृत्रिम रेतन करतो. यवतमाळ जिल्ह्यातला घाटंजी, पांढरकवडा, झरी, मुकुटबन हा माझा पट्टा. कास्तकाराचा फोन आला की मागच्या सीटवर वीर्याच्या कांड्या गोठवून ठेवणारा नायट्रोजनचा कंटेनर बांधायचा आणि निघायचं, मग ऊन असो की पाऊस. दूध गोळा करणारे, बियाण्याच्या कंपनीचे, बचत गटाची वसुली करणारे, लाईनमन, आशाताई असे कितीतरी जण याच रस्त्यांवर भेटतात. चहाच्या टपरीवर उतरले की सगळ्यांचा हात आधी कमरेवर जातो. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत.

आधी दुखतं कशानं ते पाहू. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लवकरच खालीवर होतो. नागपूर-आदिलाबाद हायवेवर तासभर गाडी चालवून जी कंबर बोलत नाही, ती झरीकडच्या वीस किलोमीटरमध्ये ठणकायला लागते. खड्ड्याचा धक्का चाकातून शॉकअपमध्ये, तिथून सीटमध्ये आणि सीटमधून सरळ माकडहाडात येतो. त्या वेळी आपण पोक काढून, कापसाच्या बोचक्यासारखे सीटवर पडलेले असलो तर मणक्यांमधल्या गाद्यांवर सगळा भार एका बाजूनं येतो. त्यात तासन्‌तास हालचाल नाही, म्हणून स्नायू आखडतात. तेव्हा दोन गोष्टी साधायच्या. धक्का कमरेपर्यंत कमी पोचू द्यायचा, आणि कमरेला एकाच आकारात फार वेळ ठेवायचं नाही.

धक्का पायांनी झेला

सगळ्यात जास्त फरक यानं पडतो, म्हणून सविस्तर सांगतो. खड्डा किंवा गतिरोधक दिसला की ब्रेक त्याच्या अलीकडेच लावून गाडी हळू करा. चाक चढायच्या क्षणी ब्रेक सोडलेला असला पाहिजे, कारण ब्रेक दाबलेला असताना पुढचे शॉकअप आधीच खाली बसलेले असतात आणि धक्का झेलायला त्यांच्यात जागाच उरत नाही. आता दोन्ही पाय फूटरेस्टवर दाबा, गुडघ्यांनी टाकी धरा आणि ढुंगण सीटवरून दोन बोटं उचला. ताठ उभं राहायचं नाही, गुडघे वाकलेलेच ठेवायचे. कोपरही सैल. गाडी खालून वर येते, गुडघे वाकतात, धक्का मांड्यांत जिरतो आणि कंबर जागच्या जागी राहते. मागचं चाक उतरलं की मगच बसा. पुढचं चाक गेलं म्हणून लगेच बसणाऱ्याला मागच्या चाकाचा धक्का पुरा बसतो, आणि तोच जास्त लागतो, कारण आपण त्याच्या जवळ बसलेलो असतो.

पांदण रस्त्यावर गिट्टी उघडी पडलेली असेल तर प्रत्येक गोट्याला उठणं शक्य नाही. तिथं अर्धा भार पायांवर ठेवून बसा आणि सावकाश चला. घाईनं तिथं पाच मिनिटं वाचतात आणि रात्र कुशी बदलण्यात जाते.

सपाट रस्त्यावर बसायची रीतही बदला. मागं सरकून, हात लांब करून चालवायची पुष्कळांना सवय असते. तसं बसलं की कंबर आपोआप गोल होते. टाकीकडे सरका, गुडघे टाकीला लागू द्या, पोटाच्या खालच्या भागाला किंचित ताण द्या. फार ताठ, छाती काढूनही नको, तेही थकवतं. वीस-पंचवीस मिनिटांनी थोडं पुढं-मागं सरकत राहा.

गाडीत काय पाहायचं

स्प्लेंडरसारख्या गाड्यांना मागच्या शॉकअपवर पाच खाचांची सेटिंग असते. बहुतेक जणांनी गाडी शोरूममधून आणल्यापासून तिला हात लावलेला नसतो. एकटे फिरत असाल तर नरम खाच ठेवा. मागं माणूस किंवा वजन असेल तर वाढवा, नाहीतर शॉकअप तळाला टेकून ठोका देतो. दोन्ही बाजू एकाच खाचेवर हव्यात. मेकॅनिककडे त्याचा पाना असतो, पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या शॉकअपच्या पाइपवर तेलाचा ओलसर गोल दिसला तर ऑइल सील गेलं आहे, ते बदलून घ्या. टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा आणि कंपनीनं सांगितली तेवढीच भरा. पंक्चरवाला अंदाजे ठासून भरतो, मग टायर दगडासारखा होतो आणि बारीक खडाही कमरेला कळतो.

हँडल दूर वाटत असेल तर क्लॅम्पचे बोल्ट सैल करून ते थोडं आपल्याकडे फिरवता येतं. फिरवल्यावर हँडल दोन्ही बाजूंनी पुरं वळवून पाहा. क्लच किंवा ॲक्सिलेटरची केबल ताणली जात असेल तर तेवढं फिरवू नका, ते धोक्याचं आहे.

सीट मधोमध मुठीनं दाबा. खालचा पत्रा किंवा प्लास्टिक हाताला लागलं तर फोम मेला आहे. कुशनवाल्याकडे गेलात की तो सोफ्यासारखा मऊ फोम दाखवेल. घेऊ नका. मऊ फोम दुकानात छान वाटतो आणि तासाभरात खाली बसतो. घट्ट फोम मागा आणि बसायची जागा सपाट करायला सांगा, पुढं उतार नको. उतारावर माणूस सारखा टाकीकडे घसरतो आणि स्वतःला मागं ढकलण्यात कंबर झिजवतो. सीटवर घडी करून गोधडी टाकतात, ती ब्रेक लावताना सरकते. माझा तिला विरोध आहे.

ओझं आणि खिसा

पाठीवर बॅग नको. तिचं सगळं वजन प्रत्येक खड्ड्यात मणक्यावर आदळतं. माझा तीन लिटरचा कंटेनर भरला की चांगलाच जड होतो. तो मी सीटवर उभाच आणि घट्ट बांधतो, खांद्याला कधी अडकवत नाही. दुधाच्या कॅन लटकवणाऱ्यांनी दोन्ही बाजूंचं वजन सारखं ठेवावं. एकाच बाजूला कॅन असेल तर गाडी सरळ ठेवायला आपण दिवसभर नकळत वाकडे बसतो.

मागच्या खिशातलं पाकीट काढा. त्या फुगीर पाकिटावर तासन्‌तास बसलं की एक बाजू वर राहते आणि ढुंगणातून पायात जाणारी नस दाबली जाते. एकाच पायात मुंग्या येणाऱ्या माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांच्या खिशात मी जाड पाकीट पाहिलं आहे.

थांबणं

पाऊण तासानं, फार तर तासानं थांबा आणि गाडीवरून उतरा. गाडीवर बसूनच चहा पिणं हे थांबणं नव्हे. निंबाखाली गाडी लावून शंभर पावलं चाला. मग दोन्ही हात कमरेवर ठेवून हळूच मागं झुका, पाच वेळा. एक पाय दगडावर किंवा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर ठेवा, दुसरा मागं ताणा, म्हणजे जांघेचा पुढचा भाग मोकळा होतो. बसून बसून तोच आखूड होतो आणि कंबर पुढं ओढतो. बाजू बदला. सगळं मिळून तीन मिनिटं लागतात.

उन्हाळ्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हा पाण्याकडे लक्ष ठेवा. कमी पाण्यानं स्नायू लवकर आखडतात, शिवाय आपल्याकडे पुष्कळांना मुतखडा होतो. बरगडीखाली एका बाजूला कळ येऊन जांघेकडे उतरते, कसंही बसलं तरी चैन पडत नाही, लघवीला जळजळ होते, तर ते गाडीचं दुखणं नव्हे.

उतरल्या उतरल्या वजन उचलू नका. लांब बसल्यावर मणक्यांभोवतीचे बंध काही वेळ सैलावलेले असतात, आणि नेमकं तेव्हा ४५ किलोची युरियाची बॅग उचलली की कंबर धरते. माझं कामही वाकून करायचं आहे. म्हणून गोठ्यात पोचलो की आधी उभ्यानं विचारतो, गाय माजावर केव्हा आली, सोट (माजातला चिकट स्राव) कशी होती, मागचं वेत केव्हाचं. सकाळी माज दिसलेल्या गाईला संध्याकाळी भरायचं असतं, दोन-चार मिनिटांनी काही बिघडत नाही. तेवढ्यात कंबर सरळ होते.

घरी

दुखत असेल तर पंधरा-वीस मिनिटं गरम पाण्याची पिशवी, मधे कापड ठेवून. झोळ पडलेल्या बाजेवर झोपू नका, जमिनीवर गादी बरी. दिवसच्या दिवस पडून राहू नका, जमेल तेवढं चालत राहिलं की लवकर मोकळं होतं. रोज सकाळी दोन व्यायाम करा. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची आणि पाच आकडे मोजायचे, असं दहा वेळा. दुसरा, हातागुडघ्यांवर येऊन समोरचा उजवा हात आणि मागचा डावा पाय सरळ करायचा, मग उलट. कमरेचा पट्टा दुखण्याच्या दिवसांपुरता ठीक, पण कायम बांधून स्नायूंचं काम त्याच्यावर टाकू नका.

मेडिकलमधून रोज दुखण्याची गोळी घेऊन गाडी काढणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या पोट आणि किडनी बिघडवतात, आणि उन्हात पाणी कमी पडलं की धोका आणखी वाढतो.

मागं बसणाऱ्या बायामाणसांची कंबर जास्त दुखते, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. एका बाजूला पाय टाकून बसलं की पाठ पिळलेली राहते. जमत असेल तर दोन्हीकडे पाय टाकून बसवा, नाहीतर अर्ध्या तासानं थांबा. खड्डा आला की चालवणाऱ्यानं तोंडानं सांगा, कारण मागच्याला तो दिसत नाही.

पंधरा दिवसांत उतार नाही, कळ गुडघ्याखाली जाते, रात्री झोपेतून उठवते, ताप येतो किंवा पडल्यानंतर दुखायला लागलं, तर हाडांच्या डॉक्टरला दाखवा. पण लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिर वाटलं, पाऊल उचलेना, तर त्याच तासाला निघायचं, सकाळची वाट पाहायची नाही. अशा माणसाला गाडीवर मागं बसवून नेऊ नका. १०८ला फोन लावा, आणि डॉक्टरला लघवीची गोष्ट न लाजता सगळ्यात आधी सांगा.