मँगोस्टीन, रामबुतान, जायफळ: बी इतरांना वाटायचं असेल तर फळ फोडण्याआधीची तयारी

मिरची-टोमॅटोचं बी सावलीत वाळवून डबीत ठेवलं तर पुढच्या वर्षीही उगवतं. मँगोस्टीन, रामबुतान, जायफळ आणि जाबुटिकाबा (खोडावरच फळं धरणारं ब्राझीलचं झाड) यांचं बी मात्र वाळलं की मेलं. मँगोस्टीनचं बी उघड्यावर पाचेक दिवसांत निकामी होतं, रामबुतानचं आठवड्याभरात. म्हणून सगळी जुळवाजुळव आधी करायची. फळ फोडल्यावर धुणं, भरणं आणि पाठवणं एवढंच उरलं पाहिजे.

पहिलं काम घेणाऱ्यांची यादी. नाव, पिनकोडसह पत्ता, फोन, किती बिया हव्यात आणि मातीच्या पिशव्या भरून तयार आहेत का. पिशव्या तयार नसतील त्यांना या खेपेला बी देऊ नये, ते वाया जातं. यादी अपुरी असेल तर मँगोस्टीन फोडूच नका. अख्ख्या फळात बी ३ ते ५ आठवडे जिवंत राहतं. पण फळ किंवा बी फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, गारठ्याने आतला गर्भ मरतो.

मग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. विटेतलं कोकोपीट भिजवून तीन वेळा स्वच्छ पाण्यातून पिळून काढा, कारण त्यात बऱ्याचदा मीठ असतं. शेवटी मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांना ओल लागावी, पण पाणी टपकू नये. बियांच्या तिप्पट कोकोपीट घेऊन झिपच्या पिशवीत भरा, पिशवीला टाचणीने दोन-तीन भोकं पाडा आणि आत थोडी हवा राहू द्या. ओलं बी श्वास घेत असतं. पिचपिचीत कोकोपीट आणि हवाबंद पिशवी एकत्र आली की बी गुदमरतं, आंबूस वास येतो आणि मऊ पडतं. वाटेत बी खराब होण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. प्रवासात बी वाळेल या भीतीने आपण पाणी जास्त घालतो, तो मोह आवरा.

गर पूर्ण काढायचा. रामबुतानचा गर बियाला चिकटून बसतो. जाडसर वाळूत चोळा, धुवा, पुन्हा चोळा. राहिलेल्या गरावर बुरशी धरते, मुंग्या येतात आणि उगवणही रखडते. धुतल्यावर किलोभर बियांना ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशीची) पावडर चोळली तर रोगट बुरशीला आळा बसतो. मँगोस्टीनचं बी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बघा. १ ग्रॅमपेक्षा हलकं असेल तर वाटू नका, रोप अशक्त निघतं. जायफळाची जायपत्री सोडवून टरफलासकट बी कानाशी हलवा. आत खुळखुळलं तर ते वाळलेलं आहे, मसाल्याच्या डब्यात टाका. न वाजणारंच पेरायचं.

चिठ्ठी शिसपेन्सिलीने प्लास्टिकच्या पट्टीवर लिहा, पेनाची शाई ओलीत फुटते. झाडाचं नाव, आईझाड कुठलं आणि फळ फोडल्याची तारीख. नुसती पोस्टात टाकल्याची तारीख लिहिली, तर बी किती दिवसांचं ते घेणाऱ्याला कळत नाही.

आणि खरं सांगून द्यायचं. मँगोस्टीनचं बी परागीभवनाशिवाय तयार होतं, त्यामुळे रोप आईसारखंच निघतं. जायफळ आणि कोकम यांची बियाची रोपं मात्र साधारण निम्मी नर निघतात, रामबुतानातही नरझाडं येतात. जागा एकाच झाडापुरती असेल त्याला बी देऊ नका, मादी झाडाचं कलम घ्यायला सांगा. कोकमाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्याच आहेत.

घेणाऱ्याकडे काय हवं, तेही आधीच कळवा. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. पिशवी मँगोस्टीनसाठी किमान १२ इंच खोल, कारण सोटमूळ लांब जातं, त्याला तंतुमुळं फार कमी असतात आणि ते दुखावलं की रोपाची वाढ खुंटते. वर ५० टक्के सावली देणारी जाळी (शेडनेट). बी सेंटीमीटरभर खोल, आडवं. मँगोस्टीनमध्ये एका टोकातून मूळ आणि दुसऱ्या टोकातून कोंब निघतो, मग कोंबाच्या बुडाशी नवं मूळ फुटतं. तेव्हा पहिलं मूळ दिसलं म्हणून उकरून बघू नये. रामबुतान दोन-तीन आठवड्यांत दिसतं, मँगोस्टीन आणि जायफळाला दीड-दोन महिनेही लागतात.

पुण्यात किंवा मराठवाड्यात बोअरचं पाणी असेल तर जाबुटिकाबा पाठवण्याआधी विचारा. त्याला आम्लधर्मी माती लागते. बोअरच्या जड, क्षारयुक्त पाण्याने नवी पानं शिरा सोडून पिवळी पडतात. पावसाचं पाणी साठवण्याची सोय असलेल्यालाच ते द्यावं.

परदेशातून नातेवाईक बी आणणार असतील तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि तिथला रोगमुक्ततेचा दाखला लागतो. माती आणायला तर बंदीच आहे. देशातही शक्यतो रोपांऐवजी बीच पाठवा. रोपाच्या मातीतून सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक जंत), पानांमागून पिठ्या ढेकूण दुसऱ्याच्या बागेत पोचतो. रोप द्यावंच लागलं तर घेणाऱ्याने ते महिनाभर बाकीच्या झाडांपासून लांब ठेवावं.

फळ रविवारी फोडा, सोमवारी सकाळी स्पीडपोस्ट करा, म्हणजे पाकीट मधल्या रविवारी अडकत नाही. मिळाल्या दिवशीच उघडायला सांगा. वाटेत मूळ फुटलेलं असेल तर घाबरण्यासारखं काही नाही; मूळ खाली करून हलक्या हाताने पेरायचं, ते टोक तेवढं मोडता कामा नये.