एआयवाली वॉशिंग मशीन आईच्या हातात देण्याआधी

मशीनवर एआयचा स्टिकर बघून वाटतं की बटण दाबलं की काम झालं, पण आमच्याकडे पहिले पंधरा दिवस आई वैतागलेली, म्हणे पाणीच घेत नाही, नुसती गरगर फिरते. तो बिघाड नसतो. एआय वॉश लावला की ड्रम आधी कोरडाच थोडा फिरतो, मोटरला किती जोर लागतो त्यावरून मशीन कपड्यांचं वजन ताडते आणि मग पाणी, वेळ ठरवते.

म्हणून कपडे कोरडेच टाका, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे बादलीत भिजत घालायची सवय, मग ते निथळते कपडे आत गेले की मशीनला वाटतं डबल कपडे आहेत आणि ती उगाच जास्त पाणी आणि जास्त वेळ घेते. कॉलर आणि बाह्या तेवढ्या ओल्या करून घासा, बस. आणि सगळे कपडे सुरुवातीलाच टाका, वजन झाल्यावर मधेच थांबवून कोपऱ्यात सापडलेला टॉवेल टाकला तर तो हिशोबात येत नाही.

भारी साड्या, लोकरीचं वगैरे एआयवर सोडू नका हं, मशीनला जरीची किंमत कळत नाही. त्यांचा मोड वेगळा लावा.

तसं हे फार नवीनही नाही, जपानमध्ये मात्सुशिता कंपनीने (आताची पॅनासॉनिक) १९९० मध्येच फझी लॉजिकवाली, म्हणजे 'थोडं', 'बरंच' अशा अंदाजाने ठरवणारी मशीन आणली होती, तेव्हाही एकच बटण दाबा असंच म्हणायचे.

आता बटणं. गुळगुळीत टच पॅनेलवर बोटाला काहीच लागत नाही आणि चष्मा नसला की सगळंच सारखं दिसतं, मी आईच्याच पाकिटातल्या दोन टिकल्या काढून लाल पॉवरशेजारी आणि हिरवी स्टार्टशेजारी लावली (बटणावर नाही, शेजारी, नाहीतर टच नीट लागत नाही). तेव्हापासून "लाल मग हिरवी" एवढंच सांगावं लागतं. हात मात्र पुसून घ्यायचे.

अॅप जोडताना वायफाय सापडत नसेल तर फोन २.४ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर आणा, बऱ्याच मशीन ५ वाल्याला ओळखतच नाहीत. अॅप नसलं तरी धुणं अडत नाही.

आणि पॅनेल अचानक मेल्यासारखं झालं तर मेकॅनिकला बोलावण्याआधी चाइल्ड लॉक बघा, नातवंडं येऊन गेली की हमखास लागलेला असतो. कुलपाचं चिन्ह असलेलं बटण तीनेक सेकंद दाबून धरा, काही मॉडेलला दोन बटणं एकदम दाबावी लागतात.