चैत्रात जोडीने फोर्ट पाहायला निघताय? या चुका टाळा

मुंबईचा वसंत थोडक्यात आटोपतो. मार्चमध्ये पिंपळाला तांबूस पालवी फुटते, सकाळी हवेत गारवा असतो आणि दुपारी बाराला ऊन तापून उठतं. अशा दिवसांत कितीतरी जोडपी दक्षिण मुंबईतला फोर्ट भाग बघायला येतात आणि संध्याकाळी दमून, कुरबुर करत परततात. दोष चालण्याचा नसतो, क्रमाचा असतो.

अकराला सीएसएमटीपासून सुरुवात करणं

लोकल तिथे सोडते म्हणून दिवस तिथूनच सुरू करायचा, ही सर्वांत मोठी चूक. स्टेशनची दर्शनी बाजू पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य इमारतीमागे असतो, त्यामुळे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या या वास्तूवरचं कोरीवकाम सावलीत जातं आणि फोटो काळवंडतात. हायकोर्ट आणि विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचंही तेच. १८६०च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली, त्यानंतर या इमारती समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. समुद्र तेव्हा बराच जवळ होता. पुढे भराव पडला, ओव्हल मैदानाच्या पलीकडे आर्ट डेको शैलीतल्या इमारती आल्या, आणि २०१८ साली ओव्हलभोवतीचा हा परिसर जागतिक वारसा ठरला. त्याचं खरं रूप संध्याकाळच्या उन्हात दिसतं.

म्हणून दिवस उलटा लावा. सात-साडेसातला गेटवे, कारण तिथे सूर्य बंदराच्या बाजूने वर येतो. तिथून चालत हॉर्निमन सर्कल. टाऊन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या, पायऱ्याही पश्चिमेला आहेत, त्यामुळे सकाळभर इमारतीचीच सावली त्यांच्यावर असते. १८३३ साली पूर्ण झालेली ही वास्तू रस्त्यापलीकडून शांतपणे बघा. शेजारचं सेंट थॉमस कथीड्रल १७१८चं आहे. चर्चगेट हे नाव याच चर्चकडे येणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून पडलं.

हुतात्मा चौकातून जाताना फक्त कारंज्याचा फोटो काढून पुढे सरकू नका. कारंजं १८६४चं, पण त्याच्या बाजूचं स्मारक संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांचं आहे. मुंबई आपल्याकडे राहिली ती त्यांच्यामुळे. दोन मिनिटं तिथे थांबायलाच हवं.

दुपारी रस्त्यावर असणं

मार्चमध्ये समुद्रावरून येणारा वारा दुपारपर्यंत सुरू झाला तर ठीक. पूर्वेकडून, जमिनीवरचे कोरडे वारे जोरात असतील तर तो लांबतो, आणि पारा एकदम चढतो. हे सकाळी घरी बसून कळत नाही. तेव्हा बारा ते चार छताखालीच ठरवून ठेवा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला अर्धा तास देणं म्हणजे तिकीट वाया घालवणं. लघुचित्रं, मीरपूर खासच्या स्तूपातली मातीची शिल्पं, निमरुदचे असीरियन शिल्पपट हे सगळं घाईने बघण्यासारखं नाही. दोघांनी आपापलं एकेक दालन निवडावं आणि तिथे दुसऱ्याने घड्याळ बघू नये. शेजारच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेश मोफत आहे. आणखी एक महत्त्वाची गोष्ट : स्वच्छतागृह. गल्ल्यांत फिरताना बायकांचे फार हाल होतात, म्हणून संग्रहालयातून बाहेर पडण्याआधीच ते उरकून घ्या.

चालावंच लागलं तर दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या कमानींखालून चाला, तिथे सावली मिळते.

घारापुरी त्याच दिवसात कोंबणं

घारापुरीची, म्हणजे एलिफंटाची, लेणी बेटावर आहेत. लाँचने एका बाजूचा प्रवास साधारण तासाभराचा, वर पायऱ्यांची चढण. अर्धा दिवस तिथेच जातो. घारापुरीसाठी वेगळा दिवस काढा, सोमवार सोडून, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. काळा घोड्याजवळची राष्ट्रीय आधुनिक कला दालनाची इमारतही सोमवारी बंदच.

रविवार

रस्ते मोकळे मिळतात हे खरं, पण ऑफिसच्या गर्दीवर चालणाऱ्या खाण्याच्या गाड्या आणि बरीच हॉटेलं बंद असतात, शिवाय दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवणारा मेगाब्लॉक. शनिवार जास्त सोयीचा. रविवारीच जमत असेल तर आदल्या दिवशी ब्लॉकचं वेळापत्रक बघा. मध्य रेल्वे अडली तर मेट्रो ३ने हुतात्मा चौक स्टेशनला उतरता येतं. बेलार्ड इस्टेटच्या ब्रिटानिया हॉटेलात बेरी पुलाव खायचा असेल तर जेवणाची वेळ दुपारचीच धरा, रात्रीवर ढकलू नका.

संध्याकाळी घाई करणं

पाचला ओव्हलवर या. मैदानाच्या पश्चिम बाजूला उभं राहून राजाबाई टॉवर बघा. सूर्यास्त मार्चअखेर पावणेसातच्या सुमारास होतो, तेव्हा साडेसहाला मरिन ड्राइव्हकडे वळलात तरी पुरे. मध्य रेल्वेवाल्यांनी अंधार पडल्यावर सीएसएमटीला जावं, म्हणजे रोषणाईतली इमारतही बघून होते. पश्चिम रेल्वेवाल्यांना चर्चगेट जवळ. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे भरलेली दिसली तर ती सोडा आणि पुढच्या गाडीत बसून जा.