मुलांसोबत भिंत रंगवताना या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या की गावोगावी भिंती रंगवण्याची लगबग सुरू होते. कुठे 26 जानेवारीच्या पाहुण्यांसाठी, कुठे मंडळाच्या उरलेल्या वर्गणीतून, तर कुठे सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीवर लोकांनी थुंकू नये म्हणून. हेतू चांगला असतो आणि उत्साहही भरपूर असतो, तरीही दर वर्षी मला त्याच त्या चुका दिसतात. त्यांतील बहुतेकांचे मूळ एकच आहे. भिंतीची जी कामे मोठ्यांनी करायची ती केली जात नाहीत, आणि जी मुलांवर सोपवायची ती मोठी माणसे हौसेने स्वतःच्या हातात घेतात.

ओल न तपासता रंगाला हात घालणे

सर्वाधिक भित्तिचित्रे या एका चुकीने वाया जातात. भिंतीत मुरलेले पाणी विटांमधील आणि प्लास्टरमधील क्षार विरघळवून पृष्ठभागाकडे आणते. पाणी उडून जाते, क्षार मात्र रंगाच्या थरामागे साचत राहतात आणि तो थर आतून ढकलून काढतात. आधी फोड येतात, मग पोपडे सुटतात. रंग कितीही महागाचा असला तरी याला अपवाद नाही, कारण पाणी मागून येत असते आणि रंग पुढून लावलेला असतो.

एका शाळेच्या मागच्या आवारातील भिंतीचे काम मी जवळून पाहिले आहे. भिंतीच्या पलीकडे मुलांच्या पाणी पिण्याच्या नळांची रांग होती. अलीकडच्या बाजूला साधारण कमरेच्या उंचीपर्यंत प्लास्टर इतर भागापेक्षा गडद दिसत होते आणि नखाने खरवडले की पांढरी भुकटी खाली पडत होती. नळांची गळती आधी काढावी आणि भिंत महिनाभर वाळू द्यावी, असे मी सांगितले. पण प्रजासत्ताक दिन तोंडावर आला होता आणि दुकानदाराने वॉटरप्रूफ रंगाची हमी दिली होती. त्या हमीवर विसंबून रंगाचे दोन हात मारले गेले आणि मुलांना बोलावण्यात आले. विषय नदीचा होता. मोठ्या मुलांनी वर पूल, झाडे आणि बगळे काढले. पहिली-दुसरीच्या मुलांचे हात जिथवर पोहोचत होते त्या खालच्या पट्ट्यात मासे, खेकडे आणि कासवे आली. होळीच्या सुमारास माशांच्या पोटांवर टपोरे फोड उठले होते, बोटाने दाबले की त्यांतून पाणी निघत होते, आणि मधल्या सुट्टीत मुले ते एकेक करून फोडत होती. पावसाळा संपला तेव्हा पूल आणि बगळे जागेवर होते, खालची नदी मात्र पूर्ण गळून गेली होती. ओल जमिनीकडून वर चढते आणि लहान मुलांचा हात जमिनीजवळच पोहोचतो. त्यामुळे अशा घाईची किंमत नेहमी सर्वांत धाकट्या मुलांना मोजावी लागते. हे मला फार लागते.

माझी सवय अशी आहे. पावसाळ्यानंतर भिंतीला पूर्ण ऊन मिळू द्यायचे आणि दिवाळीपूर्वी रंगाचे नावही काढायचे नाही. त्यानंतर दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा खालच्या भागात चारी बाजूंनी टेप लावून चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी काढायचा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरले असेल किंवा त्याखालचा भाग गडद झाला असेल, तर काम थांबवायचे आणि पाणी कुठून येते ते शोधायचे. गळका नळ, पागोळीचे पाणी पडण्याची जागा, पलीकडची मोरी किंवा भिंतीला टेकलेला मातीचा ढीग यांपैकी काहीतरी हमखास सापडते. नवे प्लास्टर असेल तर ते किमान 28 दिवस पक्के होऊ द्यावे, आणि शक्य असेल तर त्याहून अधिक, कारण ताज्या सिमेंटचा अल्कधर्मी गुण रंगाला मारक ठरतो.

जुन्या भिंतीवर चुन्याची सफेदी असेल तर ती पत्र्याने खरवडून, तारेच्या ब्रशने घासून आणि पाण्याने धुऊन पूर्णपणे काढावी लागते. चुन्यावर लावलेला ॲक्रिलिक रंग भिंतीला धरत नाही, तो चुन्याच्या भुकटीला धरतो आणि तिच्याबरोबरच गळतो. मग भेगांत बाहेरच्या भिंतीसाठीची, पांढऱ्या सिमेंटची लांबी (पुट्टी) भरावी. घरातल्या भिंतींची ॲक्रिलिक लांबी बाहेर टिकत नाही. भरलेली लांबी वाळल्यावर पॉलिश पेपर मारावा, बाहेरच्या भिंतीचा प्रायमर लावावा आणि त्यावर पायाच्या रंगाचे दोन हात द्यावेत. हे सगळे काम रंगाऱ्याचे आणि मोठ्यांचे आहे. यात मुलांना गुंतवण्याचे कारण नाही, आणि यातला एकही टप्पा गाळता येत नाही. ‘एवढे करायला वेळ कुठे आहे’ असे ज्यांना वाटते त्यांनी भिंत सोडून मोठ्या कापडावर काम करावे. कापडावरचे काम मुलांना तितकाच आनंद देते आणि पावसाळ्यात आत ठेवता येते.

येथेच एक धोक्याची सूचना. जुन्या ऑइल पेंटची भिंत मुलांकडून कधीही घासून घेऊ नये. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे 2016 मध्ये झाले आणि नोव्हेंबर 2017 पासून 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) ही मर्यादा लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे किती असेल याचा भरवसा नाही, आणि ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. अशी भिंत निवडूच नये, हे उत्तम.

मुलांची चित्रे ‘सुधारणे’

ही दुसरी चूक पहिलीपेक्षा कमी दिसते, पण मला ती अधिक गंभीर वाटते. जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘बोलक्या भिंती’ अनेक वर्षांपासून आहेत. मुळाक्षरे, पाढे, नकाशे, फळांची नावे त्यांवर असतात, आणि शिकवण्याचे साधन म्हणून त्या उपयोगी आहेत. ते काम रंगाऱ्याचे असते आणि तसे कोणी लपवतही नाही. मात्र मुलांचे भित्तिचित्र असे नाव देऊन तीच पद्धत वापरली जाते तेव्हा त्यात खोटेपणा येतो.

एका गावात शाळेच्या दर्शनी भिंतीवर ‘आमचे गाव’ हा विषय ठरला होता. तिसरीतल्या एका मुलीने म्हैस काढली. म्हैस बाजूने दिसत होती, पण तिचे दोन्ही डोळे आपल्याकडे पाहत होते, शिंगे वरून पाहिल्यासारखी पूर्ण गोल वळली होती आणि पोटाखाली चार सड एका ओळीत नीट मोजून काढलेले होते. रोज धारेच्या वेळी समोर बसणाऱ्या मुलीलाच अशी म्हैस दिसते. शनिवारी मुले घरी गेली. पाहुण्यांसमोर बरे दिसावे म्हणून रविवारी एका पाटी रंगवणाऱ्याला बोलावण्यात आले. त्याने इमानाने, सांगितल्याप्रमाणे, काम केले: एक डोळा बुजवला, शिंगांना डौल दिला, सड पोटाच्या रंगात मिसळून टाकले आणि भिंतीवरच्या प्रत्येक आकाराला करंगळीएवढी जाड काळी कड मारली. सोमवारी ती मुलगी भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली आणि शेवटी तिने बाईंना विचारले, “बाई, माझी म्हैस पुसली का?” ती म्हशीच्या समोरच उभी होती.

त्या रंगाऱ्याला दोष देता येत नाही. दोष त्याला बोलावणाऱ्यांचा आहे. लहान मूल दिसते तसे काढत नाही, त्याला जे ठाऊक असते ते काढते, आणि गावच्या भिंतीवर नेमके तेच यायला हवे. म्हणून मी सुरुवातीलाच शाळेशी आणि पालकांशी ठरवून घेतो की मुलांच्या आकारांना कोणीही मोठा माणूस ब्रश लावणार नाही. मोठ्यांनी आकाश, जमीन, रस्ता अशी मोठी सपाट क्षेत्रे भरावीत आणि ओघळ पुसावेत. काळी कड तर कोणत्याच चित्राला मारू नये, कारण वेगवेगळ्या वीस हातांची रेघ त्या एका कडेखाली एकाच हाताची होऊन जाते. रोजचे काम संपले की भिंतीचे छायाचित्र काढतो आणि रंगाचे डबे कुलूपबंद खोलीत ठेवतो. कुलूप चोरांसाठी नसते. रविवारी हात शिवशिवणाऱ्या मोठ्यांसाठी असते.

कागदावरचे चित्र भिंतीवर मोठे करण्यासाठी आजकाल सर्रास प्रोजेक्टर आणला जातो. मला तो मान्य नाही. प्रोजेक्टरने मूल स्वतःच्याच चित्राचे गिरवणारे होते, आणि त्यासाठी अंधार लागत असल्याने काम संध्याकाळी, मुलांच्या अनुपस्थितीत उरकले जाते. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या कोणत्याही मुलाला चौकोन पाडून चित्र मोठे करण्याची पद्धत सांगता येते. कागदावर एक इंचाचे चौकोन, भिंतीवर सहा इंचांचे. भिंतीवरच्या रेषा काव (लाल माती) लावलेल्या दोऱ्याने मारायच्या. दोरा ताणून मध्ये उचलून सोडला की भिंतीवर सरळ लाल रेघ उमटते, आणि ती पाहण्यासाठी मुलांची झुंबड उडते. पाचवीच्या पुढच्या मुलांना हे उत्तम जमते. त्याहून लहान मुलांना चौकोनांची गरज नाही. त्यांना खडू द्यावा आणि थेट भिंतीवर काढू द्यावे.

विषयाला पर्याय म्हणून वारली

‘काय काढायचे’ या प्रश्नावर विचार करण्याचा कंटाळा आला की वारली काढली जाते. गेरूची भिंत, पांढरे त्रिकोण, मधोमध तारपा नृत्याचा फेर. मला या कलेविषयी अतिशय आदर आहे आणि म्हणूनच हा प्रकार खटकतो. वारली घरांत तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक, म्हणजे लग्नावेळचे चौकोनी भित्तिचित्र, लिहिला जातो, त्यात पालघट देवी असते, आणि परंपरेने तो सुवासिनींनी लिहायचा असतो. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली, आयुष्यभर तिची साधना केली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘मुलांना त्रिकोण सहज जमतात’ हे या कलेला हात घालण्याचे कारण असू शकत नाही. पालघर जिल्ह्यातील पाड्यावरची मुले वारली काढत असतील तर ती त्यांचीच आहे. लातूरच्या किंवा मिरजेच्या मुलांनी स्वतःचा बाजार, एसटी स्टँड, उरूस, ऊसतोडीच्या बैलगाड्या काढाव्यात. वारली शिकायचीच असेल तर वारली कलाकाराला मानधन देऊन बोलवावे आणि त्यांचे नाव भिंतीवर लिहावे.

लहान दिसणाऱ्या, पण नडणाऱ्या चुका

परवानगी तोंडी घेऊ नये. शाळेत व्यवस्थापन समितीचा ठराव, सोसायटीत कमिटीचे पत्र आणि सार्वजनिक भिंतीसाठी पालिकेची लेखी संमती हाती असावी. मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध राज्यात 1995 चा कायदा आहे.

सगळी मुले एकाच वेळी भिंतीशी उभी करू नयेत. एका मोठ्या माणसामागे पाच-सहा मुले आणि पाऊण तासाची पाळी पुरे. बाकीच्यांनी तेवढ्या वेळात कागदावर काढावे.

मुलांना परांचीवर किंवा रंगाऱ्याच्या घोड्यावर (उभ्या शिडीवर) चढवू नये, कोणी कितीही धीट असले तरी. चित्राची रचनाच अशी करावी की मुलांचा भाग त्यांच्या हाताच्या उंचीत येईल.

ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन मुलांच्या हातात देऊ नयेत. पाण्यात मिसळणारा बाहेरचा इमल्शन घ्यावा. तो दोन हातांत लिटरमागे साधारण 50 ते 60 चौरस फूट जातो, एवढा हिशेब धरून खरेदी करावी. रंग पुरावा म्हणून डब्यावर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त पाणी घालणारे लोक मी पाहतो. तो रंग पहिल्याच उन्हाळ्यात हाताला लागायला लागतो.

चमकणारे फ्लोरोसंट रंग उन्हात सर्वांत आधी उडतात, स्वस्त गुलाबी आणि जांभळा त्यांच्या मागोमाग. काव आणि पिवळी माती या लोहाच्या ऑक्साइडचे रंग मात्र वर्षानुवर्षे टिकतात. मी पाच-सहा डबे घेतो आणि बाकीच्या छटा मुलांना मिसळायला लावतो. त्यामुळे सगळी भिंत एका घरातली दिसते.

पश्चिमेकडच्या भिंतीवर दुपारी काम करू नये. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशमध्येच वाळतो आणि मुले उन्हाने बेजार होतात.

चित्रावर चकचकीत वॉर्निश मारू नये. बाहेर ते पिवळे पडते.

मुलांची नावे लिहायची राहून जातात, किंवा देणगीदाराचे नाव फूटभर आणि मुलांची नावे मुंगीएवढी होतात. नावे मुलांनी स्वतःच्या अक्षरात लिहावीत, आणि तेवढी जागा पहिल्याच आराखड्यात राखून ठेवावी. देणगीदाराची पाटी वेगळी, बाजूला लावावी.

उरलेला रंग फेकू नये. प्रत्येक छटा लहान बरणीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून, वर छटेचे नाव आणि मिश्रणाचे प्रमाण लिहून शाळेच्या कपाटात ठेवावी. पुढच्या दिवाळीनंतर भिंत ओल्या फडक्याने पुसून, जिथे रंग उडाला असेल तिथे त्याच बरणीतून हात मारावा, आणि ज्या मुलाने तो आकार काढला होता तो अजून शाळेत असेल तर त्यालाच बोलावून मारून घ्यावा.