अमेरिकेत 'होल्ड' दिसला की आधी बघा कोणी काय अडकवलंय

ऑगस्टमध्ये इकडे शिकायला येणाऱ्या मंडळींनो, बॅगेत काय भरायचं ते तुम्हाला शंभर जणांनी सांगितलं असेल, मी फक्त होल्ड ह्या शब्दाबद्दल सांगतो, कारण पहिल्या महिन्यात तो जिथे तिथे आडवा येतो आणि दर ठिकाणी अर्थ वेगळा.

सगळ्यात ताप देणारा म्हणजे युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवरचा. तो असला की कोर्स रजिस्टर होत नाहीत, आणि एफ-१ वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, फुल टाइम क्रेडिट्स घ्यावेच लागतात, त्यामुळे 'बघू नंतर' चालत नाही. नवीन पोरांना बऱ्याचदा लसीचा लागतो. एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) दोन डोस, मध्ये किमान २८ दिवस, आणि तारखांसकट डॉक्टरच्या सहीचा कागद. लहानपणीचं लसीचं कार्ड आईने कुठल्या तरी कपाटात जपून ठेवलेलं असतं, ते आत्ताच शोधायला लावा, नाही सापडलं तर तिकडेच डोस घेऊन या. फी थकली तरी होल्ड लागतो. कुठल्या ऑफिसने लावलाय ते बहुतेक तिथेच लिहिलेलं असतं, थेट त्यांनाच मेल टाका.

मग पैशांचा. गॅस स्टेशनवर डेबिट कार्ड लावून २० डॉलरचं पेट्रोल भरलंत तरी पंप आधी १७५ डॉलरपर्यंत अडकवून ठेवू शकतो. नंतर सुटतात हो, पण तोवर खात्यात खडखडाट आणि त्याच दिवशी भाड्याचा चेक गेला तर झालंच. त्यापेक्षा आत काउंटरवर जायचं, पंप नंबर सांगायचा आणि २० डॉलर आधीच द्यायचे. हॉटेलवालेही हेच करतात, तिथे शक्यतो क्रेडिट कार्ड द्या. खातं नवीन असेल तर पहिले ३० दिवस बँक तुम्ही भरलेला चेकही जास्त दिवस होल्डवर ठेवू शकते, त्या भरवशावर घरमालकाला डिपॉझिटची तारीख देऊ नका.

लायब्ररीतला मात्र आपल्या सोयीचा, पुस्तक आपल्या नावाने राखून ठेवतात. पोस्टवालेही ३ ते ३० दिवस टपाल फुकट सांभाळतात, डिसेंबरात घरी जाताना उपयोगी.

आणि सँडविचच्या दुकानात 'होल्ड द अनियन' म्हणजे कांदा नको! जैन मित्रमैत्रिणींनी हे पाठच करा.

फोनवर 'कॅन यू होल्ड?' विचारतात आणि आपण हो म्हणायच्या आत म्युझिक सुरू. स्पीकर लावून भांडी घासायला घ्या, कॉलबॅकचा पर्याय दिला तर तोच दाबा.